आधीच मानलेले आभार

"दुखेल. पण एकदाच."

दंडाला रबरी पट्टी बांधून झाली, की अंगठ्याने शीर चाचपत सिस्टर एवढंच म्हणायच्या. समोर शाळकरी मुलगी असो की सत्तरीचे आजोबा, 'काही नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल' असल्या थापा त्यांना जमत नसत.

ठाण्याला कोपरीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी काउंटरवर बसते. नावं लिहून घेते, रिपोर्ट छापून देते. सिस्टर तिथे रक्त घ्यायच्या. मूळच्या नगरकडच्या ख्रिस्ती, पन्नाशी ओलांडलेल्या, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने सांधलेली. एकदा एक धिप्पाड हवालदार आला होता. बाही वर करता करताच तो म्हणाला, "ओ सिस्टर, दुखणार नाही असं तरी बोला ना!"

"दुखणारे, तर कसं बोलू?"

सुई लागायच्या आधीच हवालदारसाहेब खुर्चीत आडवे. त्यांच्या तोंडावर पाणी मारत सिस्टर मला म्हणाल्या, "सांगितलं तर ही गत. नसतं सांगितलं तर माझ्यावर केसच टाकली असती."

सुई टोचण्याआधी त्या क्षणभर डोळे मिटायच्या. नवीन पेशंट घाबरायचा. "सिस्टर, लोकांना वाटतं तुम्हालाच चक्कर येतेय," मी चिडवायचे. त्या म्हणायच्या, "वाटू दे. विचारल्याशिवाय मी कुणाच्या अंगाला हात लावत नाही." विचारायच्या त्या देवाला. मी संकष्टीला चंद्राची वाट बघणारी बाई, मला यात हसण्यासारखं काही नव्हतं, तरी हसायचे.

त्यांच्या शेजारी एक बाई राहायची. यांच्या घरी प्रार्थनेला माणसं जमली, की ती मुद्दाम यांच्या दारात कचऱ्याचा डबा आणून ठेवायची. पुढे ती अंथरुणाला खिळली, तर दर आठवड्याला तिचं रक्त घ्यायला सिस्टर आपणहून जाऊ लागल्या. मी म्हटलं, "धन्य आहे तुमची! मी तर ढुंकून बघितलं नसतं."

"मला ती अजिबात आवडत नाही गं. आवडून घ्या असं कुठे सांगितलंय? प्रीती करा म्हणून सांगितलंय. सांगितलंय ते करायचं."

'सांगितलंय ते करायचं' हे त्यांचं दुसरं वाक्य. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याशी वाद घालता येत नाही, आणि त्यांच्यासारखं वागायची आपल्याला छाती होत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांचं पोट दुखायला लागलं. डोंबिवलीच्या एका कारखान्यात मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलेला, शांत, हसतमुख माणूस. बघता बघता शर्ट अंगावर लोंबायला लागला. स्वादुपिंडावर गाठ निघाली. तिचा तुकडा तपासायला आमच्याच लॅबमधून मोठ्या लॅबकडे गेला.

त्यांची मंडळी, म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं, कळव्याला एका क्लासच्या हॉलमध्ये दर रविवारी प्रार्थनेला जमायची. तिथली एक रीत सिस्टरनी मला पूर्वी सांगितली होती. काही मागायचं असेल, तर ते मिळालंच असं धरून सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि देवाचे आभार मानायचे. आधीच. "बरं झाल्यावर आभार काय, कुणीही मानेल," त्या म्हणाल्या होत्या. मला ते तेव्हा फार आवडलं होतं.

तुकडा तपासायला गेला त्यानंतरच्या रविवारी सकाळचे सॅम्पल आटोपून त्या नवऱ्याला घेऊन कळव्याला गेल्या. दहाच्या सुमाराला मोठ्या लॅबचा रिपोर्ट माझ्या कॉम्प्युटरवर आला. तो वाचायला डॉक्टर लागत नाही. फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. प्रार्थनेला बसल्या असतील, कशाला आत्ताच, उद्या कळणारच आहे. असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला ते बोलायचं नव्हतं. त्याच वेळी सिस्टर तिकडे उभ्या राहिल्या आणि 'माझ्या नवऱ्याला बरं केलंस, प्रभू, तुझे आभार' म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. यजमान रडले.

सोमवारी त्या घरची नानकटाई घेऊन आल्या. सगळ्यांना वाटली, मग रिपोर्टसाठी माझ्याकडे हात केला. मी कागद दिला. त्यांनी आधी नाव तपासलं, मग वय, मग खालचं सगळं. परक्या पेशंटचा रिपोर्ट बघावा तसा. घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि विचारलं, "पुढचा नंबर कोणाचा?"

डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की फार तर दोन महिने. दुखणं कमी ठेवू, बाकी हातात काही नाही. सिस्टर तशाच मंडळीच्या धर्मगुरूंकडे, पाळकसाहेबांकडे गेल्या. यजमानांना खरं सांगू का, असं त्यांनी विचारलं. ते म्हणाले, "बाई, सगळ्यांसमोर आभार मानलेत. आता अविश्वासाचा एक शब्द तोंडातून जाऊ देऊ नका."

सांगितलंय ते करायचं. सिस्टरनी केलं.

मी त्या दोन महिन्यांत दोनदा घरी गेले होते. यजमान उशीला टेकून बसलेले, डोळे पिवळे, आणि नाताळच्या आधी घराला कुठला रंग काढायचा ते मला विचारत होते. "आकाशी कसा वाटतो? हिला पिस्ता हवाय." कल्याणला त्यांचा मोठा भाऊ होता, काही कारणाने दहा वर्षं बोलणं नव्हतं. "बरा झालो की जाणारे त्याच्याकडे, स्वतःच्या पायाने," ते म्हणाले. सिस्टर ओट्यापाशी पाठ करून उभ्या होत्या. त्यांच्या हातातला चमचा थांबला होता. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी चहा गाळला.

नाताळच्या तीन आठवडे आधी यजमान गेले. भाऊ आला तो थेट मातीला.

त्यानंतरच्या रविवारी सिस्टर मंडळीत पुन्हा उभ्या राहिल्या. त्यांच्यासोबत मी गेलेले, म्हणून हे डोळ्यांनी बघितलं. त्या म्हणाल्या, "मी इथे खोटं बोलले. माझ्याजवळ त्यांचे दोन महिने होते. त्यांना भावाला भेटायचं होतं. मी भेटू दिलं नाही. आयुष्यभर परक्यांना खरं सांगितलं आणि..." पुढचं बोलायच्या आत पाळकसाहेबांनी गाणं सुरू केलं. ढोलकी वाजायला लागली. सिस्टर खाली बसल्या.

तरी त्या दर रविवारी जातच राहिल्या. आधी जाऊन सतरंज्या घालायच्या, शेवटी गोळा करायच्या. मला राग यायचा. "अजून जाता तिथे?" मी एकदा विचारलंच.

"भरवसा नाही राहिला गं. हात घालून बघते, तर आत काहीच नाही. पण जा म्हणून सांगितलंय. तेवढं एक येतं मला, ते करते."

लॅबमध्ये मात्र सुईआधी डोळे मिटणं बंद झालं. पेशंटची सोय झाली, माझी नाही. रिपोर्ट आला त्या रविवारी दहा वाजता माझ्या हातात फोन होता, हे मी त्यांना आजवर सांगितलेलं नाही. सांगून काय होणार, असं म्हणते आणि गप्प बसते. मलाही ते चांगलं जमायला लागलंय.

आता त्या लॅबमध्ये नाहीत. मुलीकडे डोंबिवलीला गेल्या. फोन उचलतात, दोन वाक्यांत ठेवतात.

जाण्याआधी नोव्हेंबरात, कबरींवर फुलं वाहायच्या दिवशी, मला म्हणाल्या, "येतेस का सोबत?" भर दुपार होती. आजूबाजूला माणसं दगड धूत होती, मेणबत्त्या लावत होती. सिस्टरनी यजमानांच्या कबरीवर शेवंती ठेवली, खाली मांडी घातली आणि पर्समधून तो घडी घातलेला कागद काढला. चष्मा नीट केला.

"अहो, ऐका," त्या म्हणाल्या, आणि वाचायला लागल्या. नाव, वय, तारीख. गाठ किती मोठी, कुठवर पसरलेली. कठीण शब्द आला की थांबून सोप्या मराठीत सांगायच्या. डॉक्टरांनी किती दिवस दिलेत तेही सांगितलं. आवाज कुठे हलला नाही.

सगळं वाचून झाल्यावर त्यांनी कागद मांडीवर ठेवला.

"काही विचारायचंय का तुम्हाला?" त्या म्हणाल्या, आणि वाट बघत बसल्या.