चालतंय की, काका

भाव करताना आपली गरज समोरच्याला कळू द्यायची नाही, हे मला कुणी शिकवलं नाही. सायकलला प्लॅस्टिकचे पाइप बांधून नायगावच्या आसपासची गावं हिंडलो, तेव्हा फसत फसत आलं. माल बघून तोंड वाकडं करायचं, उठून निघायचं, दारातून परत बोलावून घ्यायचं. आज नायगावात माझं पाइप आणि मोटारींचं दुकान आहे, ते याच जोरावर उभं राहिलं असं मी मानत आलो.

वडिलांचा दम वाढला आणि डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. ते हवेतला ऑक्सिजन वेगळा काढून नळीने नाकात सोडतं. विजेवर चालतं, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून इन्व्हर्टर घ्यायला निघालो.

आधी नांदेडला गेलो. एका जुन्या दुकानात पांढऱ्या दाढीचे चाचा बसले होते. मी भाव विचारला.

"मालक, पहिलं हे सांगा, त्याच्यावर चालवायचं काय हाय?"

"घरातलंच. पंखे, लाईट."

"अजून काही? मोटर, दवाखान्याचं मशीन वगैरे?"

मला वाटलं, हा माणूस माझा खिसा चाचपतोय. घरात आजारी माणूस आहे हे कळलं की दुकानदार भाव सोडत नाही. "तुम्ही भाव सांगता, का मी जाऊ?"

"सांगतो की. पण कशाचा सांगू?"

मी उठलो. दारापर्यंत सावकाश गेलो. त्यांनी परत बोलावलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

दोन दिवसांनी लातूरला काम होतं. तिथल्या मोठ्या शोरूममध्ये शिरलो. कंपनीचा टी-शर्ट घातलेला तिशीतला सेल्समन पुढे आला. त्याने मला एकही प्रश्न विचारला नाही. मी जे विचारेन ते खोक्यावर बोट ठेवून वाचून दाखवायचा. खोक्यावर 'स्क्वेअर वेव्ह' असं छापलेलं होतं. म्हटलं, हे काय?

"ती टेक्नॉलॉजी हाय काका. नवीन."

याला काही कळत नाही हे माझ्या लगेच ध्यानात आलं. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. ज्याला मालाची माहिती नसते त्याला दाबता येतं. मी दोनदा दारापर्यंत गेलो, दोनदा त्याने हाक मारली. भाव नांदेडपेक्षा नक्की खाली आला असणार, या खुशीत मी वर एक इस्त्रीही पदरात पाडून घेतली. बिल झाल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "यावर एखादं मशीन बी चालतंय न्हाई?"

"चालतंय की, काका. समदं चालतंय."

कोणतं मशीन, हे त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आठवड्याभरात भर दुपारी वीज गेली. मी दुकानात होतो. बायकोचा फोन आला, "मशीन बंद पडलंय, लवकर या." मी पोचलो तेव्हा वडील खाटेच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकून बसले होते. ओठ काळेनिळे झाले होते. इन्व्हर्टरवर पंखा मजेत फिरत होता आणि मशीनवर लाल दिवा लागला होता. बायको म्हणाली, आधी ते गुरगुरलं, मग शिटी मारून थांबलं. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. तिथे सिलिंडर लावल्यावर अर्ध्या तासाने ते बोलले.

दुसऱ्या दिवशी मी लातूरला. शोरूममधली सगळी गिऱ्हाइकं वळून बघतील इतका आवाज चढवला. तोच सेल्समन समोर आला.

"माझ्या दुकानात कुणी मोटर घ्यायला आला, तर विहीर किती खोल हाय हे विचारल्याबिगर मी मोटर काढत न्हाई. तू काय विचारलंस?"

"काका, मी महिन्यापूर्वी मोबाईलच्या काउंटरला होतो. वरून जे सांगतेत ते सांगतो."

"मग माहीत न्हाई म्हणायचं."

"चुकलं माझं. पण तुमचं गिऱ्हाईक तुम्हाला विहीर सांगतं तरी. मी विचारलं असतं तर तुम्ही सांगितली असती?"

त्यावर मी आणखीच ओरडलो. माल त्यांनी परत घेतला नाही तो नाहीच.

तिथून लातूरच्या इन्व्हर्टरचं बिल आणि मशीनचा कागद खिशात घालून नांदेडला गेलो. चाचांनी मला ओळखलं असावं, पण तसं दाखवलं नाही. दोन्ही कागद डोळ्यांजवळ धरून वाचले.

"याला साईन वेव्हवाला लागतो, मालक. लाईनीसारखा साफ करंट. तुमचा तो पंख्याला ठीक हाय, या मशीनला न्हाई. ताकदीनं बी कमी पडतो."

त्यांनी भाव सांगितला. आणि मी, एवढं होऊनही, कमी करा म्हणालो. सवयीने तोंडातून गेलंच. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. थोडे कमी केले आणि त्याच दिवशी नवा इन्व्हर्टर बसवायला माणूस पाठवला.

वडील घरी आले. परवा वीज गेली तेव्हा मी त्यांच्याजवळच होतो. मशीन न अडखळता चालू राहिलं. तरी ते त्याच्या दिव्याकडे बघत होते, आणि नळीवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"त्या लातूरवाल्याला माझ्या मशीनचं सांगितलं होतंस न्हाई रं?"

"हाव, सांगितलं होतं," मी म्हणालो.

"मंग त्याचीच चूक," म्हणून त्यांनी डोळे मिटले.