ओटीतले गहू

त्या दुष्काळात आमच्या घराची वाटणी झाली होती. सासू आणि लेकरं गावात, मी आणि मोठी जाऊ चारा छावणीत. तेलगावच्या रस्त्याला एका माळावर सहकारी संस्थेनं छावणी उघडली होती. जिथं कुसळ उगवत नव्हतं तिथं जनावरांचं एक अख्खं गाव वसलं होतं. आमच्या दोन म्हशी, एक गाय आणि शेजारी गोणपाटाचं पाल, एवढा आमचा संसार. मालक पाण्याच्या टँकरवर होते, थोरले दीर पुण्याकडं कामाला.

तांबी बसवलेली असूनही मला दिवस राहिले.

एक मुलगा, एक मुलगी होती. तिसरं नको होतं. मालकांना सांगितलं तर ते टँकरचं दार धरून म्हणाले, "तू आन् वैनी मिळून काय ते ठरवा," आणि गाडी काढली. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं. दवाखाने झाले, उपास झाले, सगळं करून त्या गप्प बसल्या होत्या. म्हणून सासूबाईंनी ऐकल्या ऐकल्या निकाल दिला, "थोरलीच्या ओटीत घाल. घरातलं घरात राहील."

मी मान हलवली. नको म्हणावं असं त्यात काही दिसत नव्हतं.

सासूबाईंना मात्र नुसत्या मान हलवण्यावर भरवसा नव्हता. पुढच्याच शुक्रवारी त्या डबा घेऊन छावणीत आल्या आणि साऱ्या बायकांसमोर जाऊबाईंची ओटी भरली. गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड. पोट माझं आणि ओटी त्यांची. असं कुणी करत नाही. पण चार बायकांदेखत झालं की शब्द फिरत नाही, असा सासूबाईंचा हिशेब. जाऊबाईंनी पदर पसरला. ते गहू त्यांनी फडक्यात बांधले आणि पालाच्या मेढीला टांगले.

त्या दिवसापासून त्या बदलल्याच. जड पाटी मला उचलू देईनात. डेअरीच्या कॅनमध्ये दूध ओतायच्या आधी माझ्यासाठी एक पेला बाजूला काढायच्या. दूध कमी भरायला लागलं तेव्हा माप घेणारा हसून म्हणाला, "वैनी, म्हशीनं उपास धरला का काय?"

"उपास कशाचा? डोहाळे लागलेत तिला," जाऊबाई म्हणाल्या. इतक्या मोकळ्या हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग एका दुपारी माझी मुलगी सासूबाईंबरोबर छावणीत आली. खेळताना उसाच्या पात्यानं तिचा गाल चिरला. रडत पळत आली ती माझ्या अंगावरून पुढं, थेट जाऊबाईंच्या मांडीत. "काकू गं!" मी हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

माझ्या पोटातलंही असंच माझ्या अंगावरून पुढं जाणार. एकाच चुलीपुढं. जाऊबाईंना आई म्हणणार, मला काकू. हे मला सोसणार नव्हतं. आणि ते स्वतःपाशी ठेवायचंही नव्हतं. दोन्ही खरं होतं. पुढं कितीतरी दिवस मी मनाला उलटंसुलटं विचारून पाहिलं, उत्तर तेच.

शेवटी जाऊबाई कोयत्यानं उसाचे वाढे तोडत बसल्या असताना मी बोलले. "आक्का, मला न्हाई जमणार. असला दुष्काळ, प्यायला पाणी न्हाई, अंगात रगत न्हाई..."

"दुष्काळ कावून सांगती मला?" कोयता चालूच होता. "मी काय बंगल्यात राहती?"

मी तोडलेले वाढे गोळा करू लागले.

"लेकरू माझ्या मांडीवर बघवणार न्हाई तुला. हेच ना?"

"हो."

"मग ठिव की तुलाच."

"मला नको हाय, आक्का."

"म्हंजी तुला बी नको, आन् मला बी न्हाई."

"हो," मी म्हणाले. इतकं नागडं खरं मी आयुष्यात त्याआधी बोलले नव्हते.

त्यांनी कोयता जमिनीत रोवला. शिव्या देतील, छाती पिटून घेतील असं वाटलं. त्या मेढीवरच्या फडक्याकडं बघत राहिल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "कवा जायचं?"

तालुक्याच्या दवाखान्यात बाईडॉक्टरांनी मला एकटीला आत घेतलं. कुणाची जबरदस्ती आहे का, विचारलं. बाळ दत्तक द्यायचा कायदेशीर रस्ताही असतो, तेही समजावलं. परक्याला दिलं तरी ते जगात कुठंतरी असणार, आणि मी प्रत्येक लेकराच्या तोंडाकडं बघत फिरणार. मी नाही म्हणाले, आणि गर्भ काढून घेतला. बाहेर बाकावर जाऊबाई माझी चप्पल मांडीशी धरून बसल्या होत्या.

छावणीत परतलो तर सासूबाई येऊन बसलेल्या. कुठं गेलो होतो ते त्यांना कळलं होतं, मला बघताच तोंड फिरवलं. जाऊबाईंनी मला गोधडीवर टेकवलं, चूल पेटवली आणि झाकलेलं पातेलं पुढं ओढलं. मेढीवर फडकं नव्हतं. ते गहू त्यांनी सकाळी निघतानाच भिजत घातले होते. टँकरच्या मोजक्या पाण्यातलं पाणी काढून. मला घेऊन निघायच्या आधी.

त्यांनी गहू कांडले, गूळ घालून खीर शिजवली.

"अगं, ओटीचं दुसऱ्याला घालत न्हाईत!" सासूबाई ओरडल्या.

"दुसरी कोन हाय हितं?" मागं न बघता त्या म्हणाल्या, आणि पहिला घास माझ्या तोंडाशी धरला.

लोकांना कारण म्हणून मी आजवर दुष्काळच सांगत आले. सगळ्यांना तो पटतोही. जाऊबाईंनी मला कधी खोटं पाडलं नाही. केल्या गोष्टीचा मला पस्तावा नाही, हेही आज सांगून टाकते. पण एवढं मोठं मन त्या पालात कुठं मावत होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

खीर अगोड वाटत होती. माझ्या तोंडाला चव नव्हती की गूळच कमी होता, कोण जाणे. उरलेली त्यांनी त्याच ताटलीत घेतली आणि माझ्या शेजारी बसून बोटानं निपटून खाल्ली.