आज जाणारे व्याही

मरणाला इतका तयार आणि मरणापासून इतका निर्धास्त माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात आमच्या व्याह्यांशिवाय दुसरा झाला नसेल. कुरुंद्याच्या देवळातल्या पुजाऱ्यांनी एकदा त्यांचा हात पाहून सांगितलं होतं, "आबा, तुमच्या ध्यानीमनी नसेल अशाच दिवशी तुम्हाला मरण येणार." दुसरा कोणी घाबरला असता. व्याह्यांनी देवळाच्या पायऱ्या उतरता उतरता पळवाट काढली. ध्यानीमनी नसतानाच येणार असेल, तर ते रोज ध्यानात ठेवायचं. म्हणजे त्याला यायला दिवसच उरत नाही. तेव्हापासून रोज सकाळी चूळ भरली की ते अंगणात उभे राहून जाहीर करत, "आज मी जातो."

आणि नुसतं म्हणून थांबत नसत. रोज दाढी, रोज धुतलेलं धोतर, कारण, "लोकायनं खांद्यावर घ्यायचं, तर माणूस नीट दिसला पाहिजे." म्हशीच्या पाठीवरून हात फिरवून तिचा निरोप घेत. आपण रात्री जेवायला नाही म्हणून भाजी कमी आणत आणि रात्री सगळ्यांच्या वाट्याची खात. हळद काढायच्या दिवसांत मजुरांना सांगत, "दुपारी मी असलो तर वावर या अंगानं धरा, नसलो तर त्या अंगानं," आणि दुपारी ते समोर उभे असूनही कोणत्या अंगाने धरायचं ते कोणाला कळत नसे. लग्नाचं आमंत्रण आलं की म्हणत, "त्या दिवशी मी जाऊन राहिलो, पण जमलं तर येतो," आणि पहिल्या पंगतीला हजर असत. मुलाने मोबाइल घेऊन दिल्यावर घरच्या ग्रुपवर सकाळी सगळे फुलांची चित्रं पाठवत आणि मधेच व्याह्यांचा एक शब्द येई: "आज."

त्या घरात माझी मुलगी दिलेली. पहिली काही वर्षं ती हसली. मग एक दिवस तिचा फोन आला, "बाबा, तुमी गणिताचे मास्तर होता ना? काहीतरी करा. रोज सकाळी घरात कोणी मरून राहिलं की चहा गोड लागत न्हाई." मी एसटीने कुरुंद्याला गेलो आणि ओसरीवर व्याह्यांना गाठलं.

"इवाई, तुम्ही रोज मरणाची वाट पाहता?"

"व्हय. बराबर."

"वाट पाहिली की ते येत नाही, याची खात्री आहे?"

"एकदम पक्की."

"मग येणारच नाही याची खात्री असलेला माणूस वाट कसली पाहतो? तुमच्या ध्यानीमनी मरण नाहीच. म्हणजे ते कधीही येऊ शकतं."

त्यांच्या हातातला चहा थंड झाला. तो तसाच एका घोटात पिऊन म्हणाले, "आता तुमी सांगितलं, म्हंजे मी खरंच वाट पाहीन. मग येणार न्हाई."

"ते कळलं की पुन्हा तुमची खात्री होईल."

"मग पुन्हा येईल?"

मी हो म्हणालो. मग नाही म्हणालो. दिवेलागणीपर्यंत आम्ही गोल गोल फिरत राहिलो. कोण कोणत्या बाजूने बोलतोय हेही विसरलो. शेवटी ते खो खो हसले. "इवाई, तुमी माझं डोकं हळदीवानी शिजवून काढलं. जाऊ द्या. उद्यापासून न्हाई म्हणत."

दुसऱ्या सकाळी ग्रुपवर नुसती फुलं आली. मी हिंगोलीत बायकोला म्हणालो, "जिंकलो!" दुपारी फोन आला. जेवून बाजेवर आडवे झालेले व्याही उठलेच नाहीत.

गाव आता सांगतं, आबांना आपलं मरण कळलं होतं. त्या सकाळीसुद्धा त्यांनी अंगणात तसं सांगितलं होतं. हे खरं नाही. हे गावाला सांगितलं मीच. दहाव्याला लोकांनी विचारलं, शेवटच्या दिवशी काय म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून "आज" निघून गेलं आणि लोकांनी हात जोडले. तेवढ्या एकाच दिवशी ते काही म्हणाले नव्हते, कारण मी त्यांना गप्प केलं होतं. वय झालं होतं, हृदय थकलं होतं, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटतं, पण फार वेळ पटत नाही. ते कधीही जाऊ शकतात असं मी म्हणालो होतो आणि ते गेले, म्हणजे मी बरोबर. पण गेले ते वाट न पाहिलेल्या दिवशी, म्हणजे तेही बरोबर. दोघंही बरोबर होतो, तर आम्ही भांडत कशावर होतो? हे ज्यांना विचारावं ते नाहीत.

मुलीपाशी मी हे बोललो, तेव्हा ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला ठेवून म्हणाली, "त्या दिवशी आबा लई खुशीत होते, बाबा. म्हणाले, सूनबाई, पुढच्या महिन्यात डोळे दाखवायला हिंगोलीला जातो, इवायाकडं चार दिवस राहतो. त्यायला लोणचं कोणतं आवडतं गं?"

तिने हे माझी समजूत घालायला सांगितलं की आणखी कशाला, ते मी विचारलं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी पुढचं म्हणून काही ठरवलं असेल, तर ते एवढंच, आमच्याकडे यायचं.