सासूबाईंच्या पोटरीचं दुखणं

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही लखनौत मानक नगरला रेल्वेच्या कॉलनीत राहायचो. सासूबाईंना गर्भाशयाचा कॅन्सर निघाला, म्हणून त्यांना साताऱ्याहून आमच्याकडे आणलं. त्यांना हिंदीचा गंध नव्हता. डॉक्टर विचारणार ते मी मराठीत सांगायचं आणि त्या म्हणतील ते हिंदीत, असं ठरलं.

खरं सांगते, मला त्यांची लाज वाटायची. हॉस्पिटलात त्यांचं सारखं चालू: डाळ पांचट, उशी कडक, आया उद्धट! इथली माणसं कशी अदबीनं बोलतात, त्यांच्यापुढे आपण कुरकुरणारे दिसू नये म्हणून मी निम्म्या तक्रारी गाळायचे. उरलेल्यांना ‘जी, ज़रा-सा’ जोडायचे.

ऑपरेशन पाच तास चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी विचारलं, “माताजी, कोई तकलीफ़?”

“अगं, पोटाचं राहू दे. डावी पोटरी दगड झालीय. बोटं कळेनात. जीव जातोय, सांग त्यांना.”

मी म्हटलं, “जी, सब ठीक है. बस, लेटे-लेटे पैर थोड़ा अकड़ गया है.” डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले.

“सांगितलंस?”

“सांगितलं हो आई! एवढं मोठं ऑपरेशन झालंय आणि तुमचं आपलं पायाचं तुणतुणं!”

मी घरी जाऊन जेवले, वर झोपलेसुद्धा. मेली ती झोप!

संध्याकाळी परतले तर त्यांनी पदर दातात धरलेला. नर्सनं पांघरूण काढलं आणि धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. ते म्हणाले, ऑपरेशनभर पाय वर बांधलेले असतात, क्वचित एखादीच्या पोटरीत सूज कोंडते, आत रक्त फिरत नाही. चिरून मोकळी करावी लागेल. किती वेळ गेलाय, त्यावर पाय अवलंबून.

“पूछिए, दर्द कब से है?”

हे ऑफिसातून तसेच आलेले, शेजारी उभे होते. मी विचारलं. सासूबाईंनी आधी मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“सांग, आत्ताच सुरू झालं.”

सकाळपासून म्हटलं असतं, तर ह्यांना सगळं कळलं असतं. मी म्हटलं, “जी, अभी-अभी.”

पाय वाचला, पण पंजा कायमचा लुळा पडला. पुढे कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, “माझंच चुकलं, मी उशिरा बोलले.” मी तिथेच असायचे, चहा देत. एकदाही तोंड उघडलं नाही.