कुसरीच्या पानाचा प्रश्न

उन्हं कलली की परसातली कुसर अशी काही दरवळायला लागते, की माझं भाजीत मीठ घालायचं राहून जातं. नातसुना हसतात. हसू देत बापड्या! माहेरच्या अशाच वेलीपायी माझं लग्न होता होता राहत होतं, हे त्यांना कुठं ठाऊक.

बोरघाटात अजून कोळशाची इंजिनं धापा टाकत चढायची, तेव्हाची गोष्ट. घाटाखालच्या चौक नावाच्या गावाजवळ आमचं खेडं; तिथं माझे वडील, आबा, शाळामास्तर होते. आई मी रांगत असतानाच गेलेली. घरात आबा, मी आणि आत्या. उरलेली जागा जाईच्या कुळानं अडवलेली. जाई, जुई, मोगरा, कुसर ही सगळी एकाच घराण्यातली झुडपं, आधार दिसला की वेल होऊन वर चढणारी. फुलं सगळ्यांची पांढरी नि वासाची, तेव्हा ओळख पानांवरून पटवायची, असं आबा सांगत. जाईच्या एका देठावर पाच-सात पानं, जुईच्या देठावर तीन, त्यातली दोन तर अगदी नावाला. कुसरीला मात्र मोगऱ्यासारखं एकटंच पान. लग्नाच्या मांडवात कुणाच्या गजऱ्यात हिरवं काही दिसलं की आबा मागून वाकून मोजायला लागत, आणि आत्या त्यांना सदरा धरून मागं ओढी.

मला बघायला आलेल्यांचे पोहे खाऊन झाले, की आबा कुसरीची डहाळी पुढं करत. “हे पान मुळातच एकटं, की जाईसारखं अनेक पानांतलं? सांगा.” एक म्हणाला, “हिरवं आहे.” दुसऱ्यानं शेळ्या खातात का म्हणून विचारलं. आबांनी दोघांनाही नारळ दिला. माझ्या मैत्रिणींच्या कडेवर पोरं आली. आत्या कपाळाला हात लावी. “अरं, पोरीला नवरा बघतोस का शाळंला मास्तर? उजवायची नाय तर तसं सांग!”

मग कर्जतच्या स्टेशनात गाड्यांचे डबे जोडणारा एकजण आला. खांदे असे, की दारातून तिरका होऊन आत शिरला. पोहे देताना आमची नजरानजर झाली आणि मला तो एकदम आवडला; खोटं कशाला बोलू? आता ही मेली डहाळी आडवी येऊ नये म्हणून मी दाराआड देव पाण्यात घालून उभी राहिले.

त्यानं पान उलटसुलट केलं, देठावर अंगठा फिरवला. “मास्तर, हितं सांधा हाय.”

“मग?”

“येकलाच डबा आसता तर सांधा कशाला लागला आसता? बाकीचं डबं कवातरी सुटल्यात. ह्यो श्यावटचा ऱ्हायला.”

आबा उडालेच. अहो, खरंच होतं ते! कुसरीची बाकीची पानं कोण जाणे किती युगांपूर्वी नाहीशी झाली, टोकाचं तेवढं उरलं, आणि देठावर सांध्याची खूण राहिली. आत्यानं तर लगेच साखर वाटायला घेतली.

आबा मात्र ती डहाळी हातात नुसती फिरवत राहिले. पाहुणे गेल्यावर मी भीत भीत विचारलं, “आबा, उत्तर चुकलं का हो?”

“नाही गं, बरोबर आलं,” उपरण्यानं डोळे पुसत ते म्हणाले. “कुणालाच येऊ नये म्हणून तर काढला होता तो प्रश्न. तू गेलीस की या घरात मी काय करू?”

मी हसले, आणि मग जी रडायला लागले ती अक्षता पडेपर्यंत.

किती वर्षं लोटली. आबा नाहीत, आमचे डबे जोडणारेही गेले. उद्या धाकट्या नातीला बघायला यायचेत. मुलगा चांगला आहे म्हणतात. सकाळपासून मी एक अवघडसा प्रश्न शोधते आहे.