व्हिएन्नाचा चार दिवसांचा बेत

माझं वय अठ्ठ्याहत्तर, बायकोचं बहात्तर. आमचे पासपोर्ट यंदा पहिल्यांदा निघाले. त्याआधीचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे काशी. आता जायचं होतं व्हिएन्नाला, फक्त चार दिवस. आमची एकुलती एक मुलगी शिकायला म्हणून तिथे गेली, तिथल्याच मुलाशी लग्न केलं आणि सात वर्षांपूर्वी आजारपणात तिथेच गेली. जावई आता ते शहर सोडून आपल्या गावी राहायला निघाला आहे. त्याआधी एकदा या, तिचं घर बघा, तिचा अस्थिकलश जिथे पुरला आहे ती जागा बघा, असं त्याने कळवलं होतं.

आम्ही नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजंटकडे गेलो. व्हिसासाठी रोजचा कार्यक्रम लिहून द्यावा लागतो. तिथली मुलगी भराभर टाइप करत म्हणाली, "पहिल्या दिवशी राजवाडा, दुसऱ्या दिवशी म्युझियम आणि संध्याकाळी डॅन्यूब नदीत बोट."

"आमच्या पोरीचं घर कितव्या दिवशी?" बायकोने विचारलं.

मी सगळं सांगितलं तेव्हा त्या मुलीने राजवाडा खोडला. मग हळूच म्हणाली, "बोट ठेवू का, आजी? सगळे करतात."

"अगं, जन्म गंगेच्या काठी गेला माझा. बोटीत बसायला विमानाने कशाला जाऊ?"

ती मुलगी हसली, मीही हसलो. पण रिक्षात बसल्यावर बायको म्हणाली, "त्याच्या घरी मी पाण्याचा घोटसुद्धा घेणार नाही. माझ्या लेकीच्या मूठभर अस्थी दिल्या नाहीत त्याने."

मी रस्त्याकडे बघत राहिलो. कारण अस्थी त्याने नाकारल्या नव्हत्या. मी नाकारल्या होत्या.

आमचं घराणं रामकुंडावरच्या उपाध्यांचं. कुठून कुठून लोक अस्थींची हंडी घेऊन येतात, त्यांच्या पूर्वजांची नावं आमच्या वह्यांत असतात. मी चाळीस वर्षं परक्यांच्या अस्थी गंगेत, म्हणजे आमच्या गोदावरीत, सोडल्या. बाप मुलीच्या घेऊन आले, भाऊ बहिणीच्या. एकाही माणसाला मी नाही म्हटलं नाही.

मुलीने लग्न केल्याचं मात्र मी घाटावर कोणाला सांगितलं नव्हतं. ती अजून शिकते आहे, मग नोकरी करते आहे, असं सांगत राहिलो. ती गेल्यावर जावयाचं पत्र आलं, इंग्रजीत. आपल्या अस्थी नाशिकला याव्यात अशी तिची इच्छा होती, मी स्वतः कलश घेऊन येतो, असं त्याने लिहिलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर आला तो गोरा, उंच माणूस, हातात कलश, आणि पायऱ्यांवर बसलेले माझे सगळे भाऊबंद. मी उत्तर लिहिलं, 'आमच्या शास्त्राप्रमाणे लग्न झालेल्या मुलीच्या अस्थींवर माहेरचा अधिकार नसतो. तिच्या अस्थी माहेरच्या तीर्थात सोडता येत नाहीत.' असं कोणत्याही शास्त्रात नाही. पण लिहिणारा रामकुंडावरचा उपाध्या होता. त्या बिचाऱ्याने विश्वास ठेवला.

बायकोला इंग्रजी येत नाही. तिला मी सांगितलं, तो द्यायला तयार नाही.

सात वर्षं तिने त्या माणसाला शिव्याशाप दिले आणि मी ऐकले. एकदा तर मी तिचीच समजूत काढली, की जाऊ दे, परके लोक ते, त्यांना काय कळणार.

व्हिसासाठी मुंबईला जायची तारीख मिळाली त्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारी बायको मेथी निवडत बसली होती आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होती. जवळ गेलो. ट्रॅव्हलवाल्या मुलीकडून तिने एका कागदावर देवनागरीत इंग्रजी वाक्य लिहून घेतलं होतं. "व्हाय डिड यू नॉट सेंड हर होम?" तिने मला म्हणून दाखवलं. "बरोबर आहे ना? त्याला कळलं पाहिजे. उत्तर काय देतो ते तुम्ही मला सांगायचं."

तिथे जाऊनही मी खोटं भाषांतर केलं असतं. तेवढा मी सराईत होतो. पण त्या माणसाचा चेहरा मला बघावा लागला असता.

"त्याला विचारू नकोस," मी म्हणालो. "तो आणणार होता. मी येऊ नकोस म्हणून कळवलं." आणि पत्रात काय लिहिलं तेही सांगितलं.

तिचे हात थांबले नाहीत. चार-पाच काड्या निवडून झाल्यावर तिने विचारलं, "लोक काय म्हणतील म्हणून?"

"हो."

"कोणते लोक? नावं घ्या."

मी चार नावं घेतली.

"त्यातले दोघे तर गेले. त्यांच्या अस्थी कोणी सोडल्या?"

"मी."

तिने ताट उचललं आणि आत गेली. मेथीची भाजी केली, मला वाढली, स्वतः जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आधी त्याला खरं लिहा. मग त्या ट्रॅव्हलवाल्या मुलीला सांगा, एकच तिकीट काढ. मी एकटी जाईन."

"तुला विमानतळावरचं काही कळणार नाही."

"पोर वीस वर्षांची असताना एकटी गेली होती. तुम्ही तर स्टेशनवरसुद्धा आला नव्हतात."

मी जावयाला लिहिलं. त्याचं उत्तर फोनवर आलं. 'तुमची रीत आहे समजून मी स्वतःला आवरलं. ते सोपं नव्हतं. आईंना हॉटेलात ठेवू नका, त्या तिच्या खोलीत राहतील.' एवढंच. माझ्याबद्दल एक शब्द नव्हता. मी बायकोला वाचून दाखवलं. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि खाली जाऊन कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या मुलीकडून ते उत्तर पुन्हा वाचून घेतलं.

आता ती पुढच्या महिन्यात निघते आहे. विमान कुठे बदलायचं, कोणता कागद कुठे दाखवायचा, हे मी तिला मोठ्या अक्षरांत लिहून देतो. तीही बसून नीट समजून घेते. रागावत नाही. त्यापलीकडे मात्र काही बोलत नाही.

परवा बॅग भरताना तिने विचारलं, "कलश आता त्यांच्या मातीत आहे. तो काढायला नको. पण तिथली चिमूटभर माती आणून गंगेत सोडली तर चालते का?"

"चालते," मी म्हणालो. हे मात्र खरं होतं. कितीतरी यजमानांसाठी मी ते केलं आहे.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पायांत चपला घातल्या.

"कुठे निघालीस?"

"घाटावर," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाला तरी विचारून येते."