हजेरीची सही

मंचरपासून फार लांब नसलेल्या एका लहान गावात मी नोकरीची शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक होतो. शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंतची. तिथली एक सभा मी वहीत लिहिली आणि ती कधी झालीच नाही. निवृत्त होऊन मला बारा वर्षं झाली. हे आता लिहितो आहे, कारण तब्येत पाहता फार लांबणीवर टाकण्यात अर्थ नाही.

मुलांच्या शाळेत पालकांचंही म्हणणं चालावं म्हणून कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती आणली. सदस्य बहुतेक पालकच, त्यात निम्म्या बायका. महिन्याला सभा घ्यायची आणि काय ठरलं ते इतिवृत्ताच्या वहीत लिहायचं. मी रविवारी घरी बसून पानभर मजकूर लिहून काढायचो. मग मोटारसायकलवर वही घेऊन निघायचो. एक सदस्य दूध डेअरीवर भेटायचा, दुसरा कांद्याच्या वावरात, तिसरा केस कापायच्या दुकानात. कुणी वाचत नसे. शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं : चहापानानंतर सभा संपली.

डेअरीवरचा सदस्य मला डिवचायचा. ‘‘गुरुजी, मागल्या मिटिंगला चहाबरं बिस्किटं व्हती का वो? न्हाई, बायकूनं इचारलं तर सांगाया बरं.’’

‘‘खारी होती,’’ मी म्हणायचो. सगळे हसायचे.

समितीत बायका कमी पडत होत्या, म्हणून मी एका पिंजाऱ्याच्या घरी गेलो. नवरा गावोगाव फिरून कापूस पिंजायचा, बायको घरी गाद्या शिवायची. त्यांची मुलगी आमच्याकडे पाचवीत होती. ‘‘भाभी, फक्त नाव लागतंय. काम काही नाही,’’ मी म्हणालो.

‘‘पण गुरुजी, मला तर अंगठाच येतो.’’

‘‘चालतो की.’’

तिला मात्र ते चाललं नाही. लेकीने तिला पंधरा दिवस सही शिकवली. जमिनीवर खडूने, मग गादीच्या कापडावर शिंप्याच्या खडूने. मुलीनेच मला वर्गात हे सांगितलं होतं. ‘‘सर, अम्मी मेंबर झाली ना, आता अंगठा बरा दिसतो का?’’

त्याच वर्षी सहावी-सातवीची पोरं अकरावर आली. वरून विचारणा झाली, हे वर्ग चार किलोमीटरवरच्या गावच्या शाळेला जोडायचे का, समितीचं म्हणणं कळवा. पुढे मी सगळ्यांना सांगत आलो की वरून दबाव होता. दबाव नव्हता. समितीने ‘नको’ म्हटलं असतं तर निदान ते वर्ष वर्ग राहिले असते. मलाच ते नको होते. दोन वर्षं उरली होती, वरच्या वर्गांचं गणित आणि दोघांच्या जागी एकट्याने शिकवणं मला जड झालं होतं. मी रविवारची वाटही पाहिली नाही. गुरुवारी संध्याकाळी लिहून टाकलं : वर्ग जोडण्यास पालकांची हरकत नाही.

शुक्रवारी वही घेऊन तिच्या दारात गेलो. मुलगी शाळेत होती.

‘‘कशाची सही, गुरुजी?’’

‘‘हजेरीची.’’

‘‘पण वर्गाची मिटिंग तर व्हायचीय ना अजून?’’

‘‘उद्या एक वाजता. आज करून ठेवा, उद्या घाई नको.’’

तिने हात पुसले, वही मांडीवर घेतली आणि एकेक अक्षर थांबून काढलं. वरचा मजकूर मी झाकला नव्हता. तिला वाचता येत नाही, हे मला माहीत होतं.

शनिवारी सकाळची शाळा असते. साडेअकराला मी कुलूप लावून घरी गेलो. सोमवारी ती फाटकाशी उभी दिसली, तेव्हा मीच आधी बोललो, ‘‘झाली भाभी मिटिंग. लवकर उरकली.’’ तिने पदर सारखा केला आणि ती घराकडे वळली.

जूनमध्ये वर्ग गेले. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते पोरांना सोडायला लागले, काहींनी मंचरच्या खासगी शाळेच्या पिवळ्या बसला पैसे भरले. पिंजाऱ्याची मुलगी घरी राहिली. रस्ता उसातून जातो आणि त्याच उन्हाळ्यात बिबट्याने वाटेवरच्या वस्तीवरून दोन शेळ्या नेल्या होत्या. तिचा बाप मला म्हणाला, ‘‘एकटी कशी धाडू, राव? तुमीच सांगा.’’ मी सांगितलं, बरोबर आहे तुमचं.

मुलगी आता जुन्नरला सासरी असते. गाद्या शिवते, असं ऐकलं.

यंदा थंडीत मी एक जुनी गादी गाडीला बांधून त्या घरी गेलो. नव्याने शिवून घ्यायची गरज नव्हती, दारात जायला निमित्त हवं होतं. नवरा आता नाही. भाभीला दिसायला कमी झालंय, तरी सुईत दोरा स्वतःच ओवते. मी खाटेवर बसून सगळं सांगितलं, ठरावापासून सहीपर्यंत.

ती शिवत राहिली. मग म्हणाली, ‘‘मी आल्ते त्या दिवशी.’’

‘‘कुठे?’’

‘‘शाळंत. एकच्या आधीच. पोरगी बी व्हती संगं. कुलूप व्हतं. मला वाटलं, मिटिंगला येळ लागतो, येतील. पायरीवर बसलो दोघी. लई येळ बसलो. पोरगी म्हनली, अम्मी, तू बोलशील ना? म्या म्हनलं, बोलंल की. तिनं पाठ करून घेतलं व्हतं माझ्याकडनं.’’

‘‘काय बोलणार होतात?’’

‘‘आता काय करायचंय ते, गुरुजी.’’

तिने दोरा दातांनी तोडला, गादी परवा न्या म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मी तो प्यायलो. नाही म्हणायची हिंमत झाली नाही.

ती वही माझ्या हाती आता येणार नाही, म्हणून त्या शनिवारचं इतिवृत्त इथे लिहून ठेवतो. दुपारी एक वाजता शाळेच्या पायरीवर सभा भरली. एक सदस्य व तिची मुलगी हजर. मुख्याध्यापक गैरहजर. सदस्याला हरकत घ्यायची होती. ती ऐकून घेण्यास कोणी नव्हते.